राजीनाम्यातील एक ओळ

अहिल्यानगर जिल्ह्यात एका सरकारी नोकरीतून दुसऱ्या सरकारी नोकरीत गेलेली माणसे गावोगाव भेटतात. अकोले तालुक्यातला तरुण ठाणे जिल्हा परिषदेत शिक्षक म्हणून लागतो आणि काही वर्षांनी स्पर्धा परीक्षा देऊन नायब तहसीलदार होतो. पारनेरची मुलगी ग्रामसेवक म्हणून रुजू होते आणि पुढे मंत्रालयात जाते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातला संशोधन सहायक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेत शास्त्रज्ञ होतो. नव्या पदाची ऑर्डर हातात पडली की घरी पेढे येतात, गावात सत्कार होतो, आणि जुन्या कार्यालयात घाईघाईने दोन ओळींचा राजीनामा दिला जातो.

मागच्या नोकरीतली वर्षे पेन्शनला धरणार का, हा प्रश्न त्या दिवशी सहसा कोणी विचारत नाही. तो निघतो वीस-पंचवीस वर्षांनी, पेन्शन केस तयार होताना. तोवर उत्तर कधीच लिहून झालेले असते, त्याच दोन ओळींच्या राजीनाम्यात. निवृत्तिवेतनाचा हिशेब निवृत्तीच्या वेळी मांडला जात असला, तरी त्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय नोकरी सोडतानाच होऊन जातो. हे प्रकरण त्या निर्णयाविषयी आहे.

आधी सरकारी नोकरी म्हणजे कोणाची नोकरी, हे पाहू. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला चौदा तालुक्यांचा हा जिल्हा या बाबतीत जणू राज्याचा छोटा नमुना आहे. इथे महसूल, पोलीस, पाटबंधारे ही राज्य शासनाची खाती आहेत. जिल्हा परिषद आहे आणि तिच्या हजारो शाळा-दवाखान्यांतले कर्मचारी आहेत. २००३ पासून नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, शहराला महापालिका आहे. संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूरला नगरपरिषदा आहेत. राहुरीला १९६८ मध्ये स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे. लष्कराचे चिलखती दळाचे प्रशिक्षण केंद्र आणि संरक्षण संशोधन संघटनेची वाहन संशोधन प्रयोगशाळा नगरला असल्याने केंद्र सरकारचे मुलकी कर्मचारीही मोठ्या संख्येने आहेत. शिवाय एसटी महामंडळ, महावितरण, टपाल खाते, बीएसएनएल. बोलताना आपण या सगळ्यांना एकाच शब्दात सरकारी नोकरी म्हणतो. पेन्शनच्या कायद्याला मात्र ही वेगवेगळी घरे दिसतात. काही घरांमधला दरवाजा उघडा आहे, काहींमध्ये कुलूप आहे, आणि काहींच्या मध्ये भिंतच आहे.

राज्य शासनाचा मूळ कायदा म्हणजे महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२. हे नियम १५ ऑगस्ट १९८२ पासून लागू आहेत. जिल्हा परिषद आणि कृषी विद्यापीठांच्या जुन्या पेन्शनच्या कर्मचाऱ्यांचा हिशेबही त्यांच्याच आधारे होतो. यातला नियम ४६ आपल्या विषयाचा कणा आहे. त्याचा पहिला भाग कठोर आहे: सेवेचा किंवा पदाचा राजीनामा दिला की आधीची सेवा गमावली जाते. वर्षे दोन असोत की अठरा, त्यात फरक नाही. दुसऱ्या भागात सुटका आहे. जिथली सेवा पेन्शनला पात्र ठरते अशा शासनाखालच्या दुसऱ्या नेमणुकीवर रुजू होण्यासाठी, आणि योग्य परवानगी घेऊन राजीनामा दिला असेल, तर आधीची सेवा बुडत नाही. कार्यालयीन भाषेत यालाच तांत्रिक राजीनामा म्हणतात. केंद्राच्या १९७२ च्या पेन्शन नियमांत हीच तरतूद नियम २६ मध्ये होती.

म्हणजे कसोट्या दोन. राजीनामा कशासाठी दिला, आणि परवानगीने दिला का. या दोन्ही गोष्टी कागदावर दिसाव्या लागतात, कारण पंचवीस वर्षांनी केस तपासणाऱ्या लेखाधिकाऱ्यापुढे कागदाखेरीज दुसरा साक्षीदार नसतो.

समजा, संगमनेरच्या एका शिक्षकाने २००१ मध्ये रत्नागिरी जिल्हा परिषदेत नोकरी धरली आणि २००९ मध्ये त्याची निवड राज्य शासनाच्या एका पदावर झाली. तो राजीनाम्यात लिहितो, ‘वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे, तरी तो स्वीकारावा.’ हा मजकूर इतका रुळलेला आहे की कार्यालयातलेच कोणीतरी तो सांगते. पण या एका ओळीने आठ वर्षे धोक्यात येतात, कारण वैयक्तिक कारण म्हणजे दुसऱ्या नेमणुकीवर जाणे नव्हे. त्याने लिहायला हवे होते ते असे: ‘अमुक क्रमांकाच्या, अमुक दिनांकाच्या आदेशान्वये अमुक पदावर माझी नियुक्ती झाली आहे. मी कार्यालयाच्या ना हरकत प्रमाणपत्रासह अर्ज केला होता. त्या पदावर रुजू होण्यासाठी मी हा तांत्रिक राजीनामा देत आहे. माझी आजवरची सेवा निवृत्तिवेतनासाठी कायम राहावी.’ राजीनामा स्वीकारण्याच्या आदेशातही हाच उल्लेख यायला हवा. ‘राजीनामा मंजूर करण्यात येत आहे’ एवढेच छापून आले, तर कर्मचाऱ्याने तिथल्या तिथे दुरुस्ती मागावी. त्या आठवड्यात ती मिळते. दहा वर्षांनी सही करणारे साहेब निवृत्त झालेले असतात आणि जावक नोंदवही सापडत नाही.

परवानगीचा मुद्दाही असाच लवकर सुरू होतो, अर्ज भरतानाच. नोकरीत असताना दुसऱ्या पदासाठी अर्ज करायचा तर तो कार्यालयामार्फत जावा, ज्याला सगळे प्रॉपर चॅनल म्हणतात, किंवा निदान कार्यालयाला कळवून ना हरकत घेतलेली असावी. ऑनलाइन अर्जांच्या काळात अनेक उमेदवार ही पायरी गाळतात. निवड होईल की नाही माहीत नाही, मग साहेबांना कशाला सांगायचे, हा त्यामागचा विचार. तो समजण्यासारखा आहे, पण महाग पडू शकतो. पहिल्या नोकरीत लागण्यापूर्वीच अर्ज केलेला असेल तर काय, याचे उत्तर केंद्राने १७ ऑगस्ट २०१६ च्या एकत्रित सूचनांत दिले आहे. अर्ज आधीचा आहे हे रुजू होताच कळवले असेल आणि राजीनाम्यात तसे लिहिले असेल, तर तोही तांत्रिक राजीनामा धरता येतो.

मग येतो दोन नोकऱ्यांमधला खंड. रत्नागिरीहून कार्यमुक्त झालेला माणूस त्याच दिवशी नगरला हजर होऊ शकत नाही, हे नियमालाही कळते. म्हणून ठिकाण वेगळे असल्यास बदलीच्या वेळी मिळतो तेवढा पदग्रहण अवधी मान्य होतो. हे दिवस शिल्लक रजेतून भागवता येतात. रजा नसेल तर खंड क्षमापित करण्याचा रीतसर आदेश काढून घ्यावा लागतो. सेवाखंड क्षमापनाची तरतूद नियम ४८ मध्ये आहे. पण तीन महिने घरी अभ्यास केला आणि मग रुजू झालो, अशी कथा असेल तर तिचे समर्थन अवघड जाते. कार्यमुक्ती आदेशावर मध्यान्हपूर्व की मध्यान्हानंतर हे लिहिलेले असते, त्यालाही यासाठीच अर्थ आहे.

आंतरजिल्हा बदली ही याहून निराळी गोष्ट, आणि तिची गल्लत फार होते. नगर जिल्ह्यातले अनेक गुरुजी कोकणात वर्षानुवर्षे नोकरी करून बदलीने स्वजिल्ह्यात आले. त्यात राजीनामा नसतो. नव्या जिल्हा परिषदेत सेवाज्येष्ठता यादीत ते खाली जातात आणि पदोन्नतीला उशीर होतो, तो तोटा खरा आहे. पेन्शनसाठीची सेवा मात्र पहिल्या दिवसापासून सलग धरली जाते. सेवाज्येष्ठता गेली म्हणून सेवाच गेली, असे समजून काही जण उगाच काळजीत असतात. त्यांनी काळजी करायची असेल तर जुन्या जिल्हा परिषदेतल्या भविष्य निर्वाह निधीची करावी. ते खाते जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात असते आणि शिल्लक रक्कम पाठपुरावा केल्याशिवाय मागोमाग येईलच असे नाही.

मागची आठ वर्षे गेली तर नेमके काय जाते? पूर्वी पूर्ण पेन्शनला ३३ वर्षांची अर्हताकारी सेवा लागत असे, तेव्हा आठ वर्षे म्हणजे जवळजवळ पाव पेन्शन. सहाव्या वेतन आयोगानंतर ती ३३ वर्षांची अट गेली, आणि तेव्हापासून जुन्या सेवेचे आता काय मोल, असा समज पसरला. तो चुकीचा आहे. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, आजही प्रत्येक पूर्ण सहामाहीला पाव महिन्याचे वेतन या हिशेबाने, कमाल साडेसोळा पट मिळते. साडेसोळा पट म्हणजे ३३ वर्षेच. हिशेबाला धरायचे वेतन ८०,००० रुपये समजा. २४ वर्षांच्या सेवेला बारा पट, म्हणजे ९ लाख ६० हजार. मागची आठ वर्षे धरून ३२ झाली तर सोळा पट, १२ लाख ८० हजार. एका ओळीची किंमत ३ लाख २० हजार रुपये झाली. उशिरा दुसऱ्या नोकरीत आलेल्यांचा धोका याहून मोठा. पेन्शनला किमान दहा वर्षे लागतात. नव्या पदावर नऊच वर्षे मिळाली आणि जुनी बुडाली, तर मासिक पेन्शनच नाही, फक्त एकरकमी सेवा उपदान. स्वेच्छानिवृत्तीची वीस वर्षेही याच बेरजेतून मोजली जातात. आणि एखाद्यावर अकाली काळाने घाला घातला, तर वाढीव दराच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी राज्याच्या नियमांप्रमाणे लागणारी सलग सात वर्षांची सेवा कुठून मोजायची, हा प्रश्न त्याच्या बायकोपुढे येतो. राजीनामा लिहिणाऱ्या पंचवीस-तिशीतल्या माणसाच्या मनात ही शक्यता येत नाही. त्याच्या घरच्यांसाठी तीच सर्वांत महत्त्वाची असू शकते.

राजीनाम्याने सारे जावे हा नियम इतका कडक का, याचे मूळ जुने आहे. इंग्रजी अमलात पेन्शन हे निष्ठेने केलेल्या प्रदीर्घ चाकरीचे बक्षीस होते. जो मधेच चाकरी सोडतो त्याला बक्षीस कशाचे, असा तो विचार. स्वतंत्र भारतात सर्वोच्च न्यायालयाने तो खोडून काढला. १७ डिसेंबर १९८२ च्या डी. एस. नकारा खटल्याच्या निकालात न्यायालयाने म्हटले की पेन्शन ही मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेतून निर्माण होणारा हक्क आहे. पेन्शनर दिन १७ डिसेंबरला पाळतात तो यामुळेच. पण नकारा निकालाने राजीनाम्याचा नियम गेला नाही. दिल्लीच्या वीजपुरवठा उपक्रमातला एक कामगार १९७१ मध्ये कायम झाला आणि १९९० मध्ये त्याने राजीनामा दिला. आपली सेवा वीस वर्षांची आहे, तेव्हा राजीनाम्याला स्वेच्छानिवृत्ती मानावे, असे त्याचे म्हणणे होते. ५ डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले. राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या कायद्याने वेगळ्या गोष्टी आहेत आणि राजीनाम्याने मागील सेवा जाते, असा निकाल झाला. हक्क मान्य आहे, पण तो मार्गाला बांधलेला आहे. आजची कायद्याची स्थिती ही अशी आहे.

आता तारखांकडे वळू, कारण २००४ नंतर प्रश्न केवळ वर्षांचा राहिला नाही. कोणती पेन्शन, हाही झाला. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून नव्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद केली. महाराष्ट्राने ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने १ नोव्हेंबर २००५ पासून. जो या तारखेआधी नोकरीत होता आणि नंतर रीतसर तांत्रिक राजीनामा देऊन राज्याच्याच दुसऱ्या पेन्शनपात्र पदावर खंडाशिवाय गेला, त्याची आधीची सेवा जिवंत राहते आणि तिच्यासोबत जुन्या पेन्शनचा हक्कही. वर ज्या शिक्षकाचे उदाहरण घेतले, त्याच्यासाठी ‘वैयक्तिक कारणास्तव’ या दोन शब्दांचा अर्थ केवळ सव्वातीन लाखांचे नुकसान एवढा नाही. २००९ चा तो नवा कर्मचारी ठरला, तर जुन्या पेन्शनमधून थेट तिच्या जागी आलेल्या अंशदान योजनेत जातो.

दोन तारखांच्या मध्ये बावीस महिन्यांची एक फट आहे, आणि नगरसारख्या राज्य व केंद्र दोन्हींच्या नोकऱ्या असलेल्या जिल्ह्यात ती महत्त्वाची ठरते. राज्यातून केंद्रात आलेल्यांच्या बाबतीत केंद्राने २८ ऑक्टोबर २००९ च्या आदेशात ३१ डिसेंबर २००३ ही तारीख धरली. त्या दिवसापर्यंत जुन्या पेन्शनच्या नोकरीत लागलेल्याची जुनी पेन्शन पुढे चालते. म्हणजे २००३ च्या जूनमध्ये राज्य शासनात लागून पुढे वाहन संशोधन प्रयोगशाळेत गेलेला माणूस आणि २००४ च्या जूनमध्ये लागून तिथेच गेलेला त्याचा सहकारी, दोघेही महाराष्ट्रात जुन्या पेन्शनचे. केंद्रात मात्र पहिला जुन्या योजनेत आणि दुसरा नव्या. दुसऱ्याने जाण्यापूर्वी हे माहीत करून घ्यायला हवे. केंद्रात निवृत्तीचे वय ६० आहे, राज्यात बहुतेकांचे ५८. दोन वर्षे वाढतात म्हणून खूश होऊन तो आयुष्यभराची पेन्शन मागे सोडत असेल. राज्य आणि केंद्र यांच्यात एक गोष्ट मात्र सुखाची आहे. पूर्वी दोन्ही सरकारे पेन्शनमधला दुसऱ्याच्या काळाचा वाटा एकमेकांकडून वसूल करत. १९८६ च्या आदेशाने ते थांबले. जिथून माणूस निवृत्त होतो ते सरकार सगळी पेन्शन देते.

स्वायत्त संस्थांच्या बाबतीत हे इतके सोपे नाही. केंद्र सरकार आणि केंद्राच्या स्वायत्त संस्था यांच्यासाठी २९ ऑगस्ट १९८४ चा आदेश पायाभूत आहे. दोन्हीकडे पेन्शन योजना असेल तर जुन्या मालकाने आपल्या काळाचा भार एकरकमी नव्या मालकाला द्यायचा आणि सेवा जोडायची. जुन्या ठिकाणी पेन्शनऐवजी अंशदायी भविष्य निर्वाह निधी असेल, तर मालकाचा हिस्सा व्याजासह नव्या ठिकाणी जमा व्हायला हवा. तो आधीच काढून खर्च केला असेल, तर सेवा जोडताना परत भरावा लागतो. यासाठी पर्याय देण्याची मुदत असते. नव्या नोकरीच्या धामधुमीत ती उलटून जाते.

खरी भिंत लागते ती एसटीपाशी. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस धावली ती पुणे–अहमदनगर मार्गावर. एसटीशी या जिल्ह्याचे नाते इतके जुने. पण एसटीच्या चालक-वाहकांना राज्य शासनाची पेन्शन नाही. ते १६ नोव्हेंबर १९९५ पासूनच्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे ईपीएस-९५ मध्ये आहेत. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेल्या एसटी संपात शासनात विलीनीकरणाची मागणी इतकी तीव्र होती, त्यामागे हेही कारण होते. एसटीतला वाहक उद्या तलाठी झाला, तर त्याची एसटीतली वर्षे तलाठी म्हणून मिळणाऱ्या लाभांत मिळवता येत नाहीत. सहकारी साखर कारखान्यातून आलेल्याचेही तसेच.

पण भिंत आहे म्हणून मागचे सगळे मातीमोल झाले, असे नाही. ईपीएसमधली दहा वर्षे पूर्ण असतील तर ५८ व्या वर्षी तिथली वेगळी पेन्शन मिळते. सरासरी वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. १५,००० ही वेतनमर्यादा धरून बारा वर्षांचे महिना साधारण २,५७१ रुपये होतात. रक्कम फार थोडी आहे, आणि ती वाढावी ही त्या पेन्शनरांची मागणी मला पूर्णपणे न्याय्य वाटते. तरी ती हक्काची आहे. दहा वर्षे झालेली नसतील, तर नमुना १०-सी भरून पैसे काढण्याऐवजी त्याच अर्जावर योजना प्रमाणपत्र मागता येते. ते घेतले की केलेली वर्षे शिल्लक राहतात आणि पुढे कधी ईपीएस लागू असलेल्या नोकरीत गेल्यास जोडली जातात. नोकरी सुटली की पीएफ काढायचा, ही आपल्याकडची जवळजवळ रीत झाली आहे. पैशांची निकड नसेल तर ती मोडावी.

माजी सैनिकांविषयी थोडे. जिल्ह्यात त्यांची संख्या मोठी आहे आणि पुन्हा नोकरीला लागणारेही बरेच. लष्करी पेन्शन घेत असलेला जवान मुलकी नोकरीत आला, तर ती पेन्शन चालू ठेवून मुलकी सेवा नव्याने मोजायची, की ती थांबवून, घेतलेले उपदान परत करून दोन्ही सेवा जोडायच्या, असा पर्याय केंद्राच्या १९७२ च्या पेन्शन नियमांतल्या नियम १९ मध्ये होता. बहुतेकांनी हातातली पेन्शन सोडली नाही. शहाणपणाचा निर्णय तोच होता.

अंशदान योजनेतल्यांना वाटते की आपला प्रश्न सुटला, कारण प्राण, म्हणजे या योजनेतला खाते क्रमांक, बारा अंकी आणि आयुष्यभराचा. राज्यातून केंद्रात गेले तर आयएसएस-१ हा अर्ज भरून तेच खाते नव्या कार्यालयाशी जोडता येते. दुसरा प्राण काढू नये, पहिले खाते बंदही करू नये. एवढे खरे. पण सेवेचा सलगपणा इथेही लागतो. महाराष्ट्राने ३१ मार्च २०२३ च्या निर्णयाने या कर्मचाऱ्यांनाही निवृत्ती उपदान आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचे लाभ दिले. तो निर्णय आला मार्चमधल्या ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’च्या संपानंतर. उपदान म्हटले की पुन्हा सहामाह्यांची मोजणी. केंद्राच्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत, जी स्वीकारण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २५ ऑगस्ट २०२४ रोजी घेतला, शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन २५ वर्षांच्या सेवेला आहे. कमी सेवेला प्रमाणात कमी. म्हणजे तांत्रिक राजीनाम्याची ती ओळ २०२० मध्ये नोकरीला लागलेल्या मुलीनेही लिहायची आहे. शिवाय तिच्या आधीच्या पिढीतल्या शिक्षकांनी हेही तपासावे, की सुरुवातीच्या डीसीपीएसच्या, म्हणजे राज्याच्या मूळ अंशदान योजनेच्या, काळातली कपात आणि शासनाचा वाटा जिल्हा बदलताना आपल्या खात्यात आला का. बदलून गेलेल्यांच्या या रकमा वर्षानुवर्षे मागे अडकल्या, ही त्या शिक्षकांची जुनी तक्रार आहे.

आता जे मला सर्वांत खटकते ते. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या तेव्हा जिल्हा शाळा मंडळांकडचे प्राथमिक शिक्षक त्यांच्याकडे आले. मालक बदलला, कोणी राजीनामा लिहिला नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. जव्हारच्या शाळेत शिकवणारे अकोले तालुक्यातले गुरुजी खुर्चीवरून न उठता दुसऱ्या जिल्हा परिषदेचे झाले. १ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचार खात्याची बीएसएनएल कंपनी झाली, तेव्हा नगरच्या टेलिफोन कचेरीतले लोकही कंपनीत गेले, आणि केंद्राच्या पेन्शन नियमांतल्या नियम ३७-अ ने त्यांची खात्यातली व कंपनीतली सेवा एकत्र धरून पेन्शनची जबाबदारी सरकारने घेतली. २०२४ मध्ये या जिल्ह्याचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले; जुन्या शिक्क्यांखालच्या नोंदी तशाच वैध राहिल्या. संस्था बदलते तेव्हा सरकार सेवा जपते. एकटा माणूस एका सरकारी दारातून दुसऱ्यात जातो, तेव्हा तीच सेवा जपण्याचा सगळा भार त्याच्यावर टाकला जातो, आणि एक ओळ चुकली तर शिक्षा आयुष्यभराची.

हे असेच असायला हवे असे नाही. ब्रिटनमध्ये सार्वजनिक क्षेत्रातल्या पेन्शन योजनांनी मिळून ट्रान्सफर क्लब चालवला आहे. शिक्षकाने आरोग्यसेवेत गेल्यावर बारा महिन्यांच्या आत अर्ज केला की मागची सेवा नव्या योजनेत जवळजवळ त्याच मोलाने येते. जर्मनीत सरकारी अधिकारी नोकरी सोडून गेला तर सरकारी पेन्शन जाते, पण मालकाला त्या सर्व वर्षांचे हप्ते सार्वत्रिक पेन्शन विम्यात मागाहून भरावे लागतात. कारण काहीही लिहिले तरी केलेले काम शून्य होत नाही. आपल्याकडे कर्मचाऱ्यांचे पगार सेवार्थ आणि शालार्थ या प्रणालींतून निघतात. एका शासकीय पदावरून दुसऱ्यावर गेलेला माणूस संगणकाला ओळखू येतो. मग राजीनामा कोणत्या कारणाने हे त्याच्या गद्यावरून ठरवण्यापेक्षा नव्या नियुक्तीच्या आदेशावरून ठरवावे, आणि सेवा जोडण्याची नोंद नव्या कार्यालयाने स्वतः करावी, अशी सुधारणा शासनाने करावी. खर्च नगण्य आहे.

ती होईपर्यंत काम आपले आपणच करायचे आहे. जुने कार्यालय सोडताना ना हरकत, राजीनाम्याची पोच, स्वीकृतीचा आदेश, कार्यमुक्तीचा आदेश आणि अंतिम वेतन प्रमाणपत्र यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. मूळ सेवापुस्तक नव्या कार्यालयाकडे गेले का, त्यात शेवटच्या दिवसापर्यंतची सेवा पडताळणी आणि रजेचा हिशेब आहे का, हे पाहावे. नव्या कार्यालयात रुजू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांतच मागची सेवा जोडण्याचा अर्ज द्यावा आणि ‘आधीची सेवा निवृत्तिवेतनासाठी ग्राह्य’ अशी सक्षम अधिकाऱ्याच्या सहीची नोंद सेवापुस्तकात करून घ्यावी. मराठवाड्यातल्या राज्य कार्यालयातून नगरला आलेल्यांनी एक जादा गोष्ट करावी: बीडच्या कार्यालयाचे भविष्य निर्वाह निधीचे खाते नागपूरच्या महालेखापालांकडे असते आणि नगरचे मुंबईच्या, तेव्हा ते वर्ग झाल्याचे पत्र मिळवावे. चूक आधीच झालेली असेल, तर निवृत्तीची वाट पाहू नये. तेव्हाचा नियुक्ती आदेश, ना हरकत आणि दोन्ही तारखांमधला अल्प खंड दाखवून राजीनामा तांत्रिक मानण्याची विनंती आजच करता येते; संबंधित अधिकारी नोकरीत आहेत आणि कागद कपाटात आहेत तोवर तिला यश येण्याची शक्यता जास्त.

सेवापुस्तक दर वर्षी कर्मचाऱ्याला दाखवून त्याची सही घ्यावी, असा नियम आहे, आणि दुय्यम सेवापुस्तक आपल्याजवळ ठेवता येते. आपण या वर्षी ती सही केली नसेल, तर आस्थापना शाखेत जाऊन सेवापुस्तक मागा आणि पहिल्या नोकरीच्या पानापासून वाचायला सुरुवात करा.